पोटभाडेकरू ठेवताय? मालकाची संमती लेखी घ्या

माजलगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक, बँक कर्मचारी आणि शासकीय नोकरदार यांच्या बदल्या नेहमीच्याच. बदलीचा आदेश येतो, पण भाड्याचे चांगले घर हातचे सोडवत नाही. मग भाडेकरू मालकाला विचारून ते दुसऱ्या कुटुंबास राहावयास देतो. मालकही ‘भाडे वेळेवर येऊ द्या’ एवढेच सांगतो आणि व्यवहार शब्दावर होतो. तिघांचे जमते तोवर काही बिघडत नाही. मात्र मालकाच्या पश्चात घर वारसांकडे गेले अथवा विकले गेले, की त्या शब्दाला साक्षीदार उरत नाही. त्याची झळ प्रामुख्याने बसते ती अनामत रक्कम भरून राहावयास आलेल्या पोटभाडेकरूला.

याविषयी दोन कायद्यांची भूमिका परस्परविरुद्ध आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, करारात मनाई नसेल तर भाडेपट्टेदार जागा पोटभाड्याने देऊ शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम २६ मात्र सांगते, की करारात तशी मुभा नसेल तर जागा पूर्णतः वा अंशतः पोटभाड्याने देणे बेकायदेशीर होय. म्हणजे करारात याबाबत अवाक्षरही नसेल, तर पहिल्या कायद्याने परवानगी गृहीत धरली जाते आणि दुसऱ्याने मनाई. भाडे नियंत्रण कायदा ज्या जागांना लागू आहे, तेथे ही मनाईच चालते.

मराठवाड्यापुरता या कायद्याला थोडा इतिहासही आहे. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात असल्याने येथे घरभाड्यासंबंधी हैदराबादचा १९५४ चा कायदा होता. मुंबई राज्याच्या जुन्या भागात १९४७ चा, तर विदर्भात १९४९ चा आदेश लागू होता. ३१ मार्च २००० पासून या तिन्हींची जागा सध्याच्या कायद्याने घेतली. बेकायदा पोटभाडे हे त्यातील कलम १६ नुसार भाडेकरूस घराबाहेर काढण्याचे एक कारण आहे. मुंबईचा जुना कायदा असलेल्या भागात १ फेब्रुवारी १९७३ पासूनचे, तर विदर्भ व मराठवाड्यात नवा कायदा अमलात आल्यापासूनचे पोटभाडे या तरतुदीत येते. माजलगावातील एखाद्या जुन्या वाड्याचा वाद पाहताना ही तारीख विसरता येत नाही.

पोटभाडे नेमके कशास म्हणावे? गोव्यातील एका प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या दोन खुणा सांगितल्या. जागेचा पूर्ण ताबा दुसऱ्याच्या हाती गेलेला असणे ही पहिली आणि मालकाच्या संमतीवाचून मोबदला घेऊन तो दिलेला असणे ही दुसरी. त्यामुळे भाडेकरू स्वतः राहत असताना त्याचा भाचा शिक्षणासाठी घरी राहिला, तर ते पोटभाडे ठरत नाही. परंतु भाडेकरूने घर सोडले आणि किल्ली दुसऱ्याकडे गेली, की खुलासा देण्याची पाळी त्याच्यावर येते. तेव्हा हाती कागद नसेल तर सांगणार काय?

लेखी संमतीचा लाभ पोटभाडेकरूलाही होतो. मालक व भाडेकरू यांच्या करारात पोटभाड्यास मुभा असेल, तर मूळ भाडेकरूचा हक्क संपल्यावर कलम २५ नुसार पोटभाडेकरू त्याच अटींवर थेट मालकाचा भाडेकरू मानला जातो. तोंडी संमतीवर राहणाऱ्यास हा आधार मिळणे कठीण.

येथे एक सावधगिरी हवी. आजकाल अनेक घरे भाडेपट्ट्याने नव्हे, तर ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराने दिली जातात. असा करार म्हणजे केवळ वापराची अनुमती. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार ती सर्वसाधारणपणे दुसऱ्याकडे सोपविता येत नाही. अशा वेळी मूळ करार संपवून मालकाने नव्या कुटुंबाशी थेट करार करणे, हाच सरळ मार्ग.

भाडेपट्टा असेल तर संमती पुरवणी करारात लिहून घ्यावी. कोणता भाग, कोणास, किती काळासाठी, अनामत रक्कम कोणाकडे व ती परत कोण करणार, याचा त्यात स्पष्ट उल्लेख असावा. कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. पोटभाडेकरूच्या संदर्भात भाडेकरूच ‘मालक’ ठरतो. म्हणून त्या दोघांमधील करार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदविण्याची जबाबदारीही त्याच्याकडे येते. पोटभाड्यातून मिळणारी रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ म्हणून दाखवावी लागते. कारण भाडेकरू त्या घराचा मालक नसतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये संमत केलेला आदर्श भाडे कायदाही पुरवणी कराराशिवाय पोटभाड्यास मुभा देत नाही. हा केवळ नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्यासच तो लागू होतो. तरीही त्याचा आग्रह लेखी करारावरच आहे, हे लक्षणीय होय.

मालकाशी घरोबा असला की कागद मागणे संकोचाचे वाटते. परंतु पुरवणी करारामुळे मालकाला घरात कोण राहते हे कळते, भाडेकरूचा हक्क शाबूत राहतो आणि पोटभाडेकरूची अनामत सुरक्षित होते. म्हणून बदलीचा आदेश हाती पडताच सामानाच्या बांधाबांधीआधी हा कागद करून घेणे तिघांच्याही हिताचे.