जमीन गेली, कसब उरले
खारघर परिसरातील कौशल्य-प्रशिक्षणाचा विचार

खारघर या नावातच खार आहे. पनवेलची खाडी आणि खारघरचा डोंगर यांच्यामधील सखल पट्ट्यात आज उत्सव चौक, सेंट्रल पार्क आणि मेट्रोची स्थानके दिसतात. दोन पिढ्यांपूर्वी तेथे भाताची खाचरे होती. खारघर, कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे या गावांतील आगरी शेतकरी खाडीचे पाणी अडवून जमीन पिकवीत असे. चिकणमातीचा बांध घालावयाचा, त्यात उघाडी बसवावयाची. ओहोटीच्या वेळी उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर जाई आणि भरतीच्या दाबाने तिची झडप आपोआप मिटे. पहिल्या पावसाने जमिनीतील मीठ धुऊन निघाले की मगच लावणी. बांधाला खांड पडली तर एका शेतकऱ्याचे नव्हे, साऱ्या गावाचे पीक बुडे. त्यामुळे मध्यरात्रीसुद्धा घरटी एक माणूस बांधावर हजर होई. हे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नव्हते, तरी ते शिक्षणच होते.

दिनांक 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील 95 गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी निश्चित झाल्या. पुढील इतिहास सर्वपरिचित आहे. जानेवारी 1984 मध्ये श्री. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांना प्राणास मुकावे लागले. त्यानंतरच्या काळात संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकास देण्याचे धोरण आले. देशात इतरत्रही त्याचा दाखला दिला जातो. मात्र भूखंड मिळतो तो सातबाऱ्यावरील नावाला. बांध घालण्याच्या कसबाची नोंद सातबाऱ्यावर नसते. मिठागरात राबणाऱ्या मजुराची नसते, आणि घरच्या शेतातील भाजी डोक्यावरून पनवेलच्या बाजारात नेणाऱ्या स्त्रीचीही नसते. भूखंड एकदाच विकता येतो. त्याचा पैसा संपल्यावर घरातील मुलाने काय करावयाचे, हा प्रश्न प्रशिक्षणाच्या मुळाशी आहे.

आफ्रिकेतील दोन अनुभव

हाच प्रश्न आफ्रिका खंडातील नवस्वतंत्र देशांपुढेही होता. बोट्स्वाना स्वतंत्र होण्याच्या आदल्या वर्षी, 1965 साली, सेरोवे या गावी पॅट्रिक व्हॅन रेन्सबर्ग या शिक्षकाने ‘ब्रिगेड’ची कल्पना अंमलात आणली. प्राथमिक शाळा संपवून पुढे जाण्यास जागा नसलेल्या मुलांनी गवंडीकाम शिकावे, शिकता शिकता खरी घरे बांधावीत आणि त्या कामाच्या मोबदल्यातून प्रशिक्षणाचा खर्च निघावा, अशी ती योजना होती. सुतारकाम, शेती इत्यादींच्या ब्रिगेडही पुढे निघाल्या. अडचण मात्र लवकरच ध्यानात आली. उत्पन्न वाढवावे तर शिकवणे मागे पडते आणि शिकवण्यावर भर द्यावा तर हिशेब जुळत नाही. अखेरीस ब्रिगेड शासनाने आपल्याकडे घेतल्या.

केनियातील अनुभव निराळा आहे. तेथे पत्रे ठोकणारे, चुली घडविणारे, मोटारी दुरुस्त करणारे कारागीर उघड्यावर काम करतात. त्यांना स्वाहिली भाषेत ‘जुआ काली’, म्हणजे कडक ऊन, म्हणतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1972 सालच्या अहवालाने या वर्गाच्या कामाला अर्थशास्त्रात प्रतिष्ठा मिळवून दिली. या कारागिरांपैकी बहुसंख्य उस्तादाच्या हाताखाली शिकलेले असतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा महामार्गालगतच्या गॅरेजमध्ये जो हेल्पर म्हणून लागतो आणि काही वर्षांनी मिस्तरी होतो, त्याची कथा याहून वेगळी नाही. त्याच्या हातात कला असते, प्रमाणपत्र नसते. मोठ्या कंपनीचे फाटक प्रमाणपत्राशिवाय उघडत नाही.

नेमकी ही उणीव भरून काढण्याची तरतूद 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. अगोदरच काम येत असलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याच्या कौशल्यास मान्यता द्यावयाची, असे तिचे स्वरूप. नव्याने शिकणाऱ्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, 1961 तर अनेकांच्या विस्मरणात गेलेला दिसतो. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि उमेदवारास विद्यावेतन मिळते. ग्रामीण भागासाठी राज्यात 19 ऑक्टोबर 2023 रोजी 511 ग्रामपंचायतींमध्ये प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचा प्रारंभ झाला.

खारघरला मात्र ‘ग्रामीण’ ही ओळख आता लागू नाही. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि ही गावे एका रात्रीत शहर झाली. ग्रामपंचायत असताना बचत गट ज्या योजनांच्या कक्षेत होते, त्या कक्षेबाहेर ते गेले व शहरी योजनांचे अर्ज नव्याने भरावे लागले. डोंगरावरील फणसवाडी आणि चाफेवाडी या आदिवासी पाड्यांच्या बाबतीत हा बदल अधिकच विचित्र ठरतो. पावसाळ्यात शेवळे आणि कंटोळी विकण्यास खाली उतरणारी स्त्री कागदोपत्री महानगराची नागरिक आहे.

परिसरातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये उड्डाणे सुरू झाली. मालवाहतूक, वातानुकूलन, विद्युत देखभाल, खानपान सेवा अशी कामे तेथे दीर्घकाळ चालतील. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना त्यांत स्थान हवे असेल तर प्रशिक्षण भरतीच्या जाहिरातीपूर्वी पूर्ण झालेले असले पाहिजे. जाहिरात निघाल्यावर वर्ग भरविण्यात अर्थ नाही. उमेदवाराचे वय आणि शाळेचा दाखला या दोन गोष्टींवर पुष्कळ अर्ज अडतात, हेही वर्ग निवडतानाच पाहावे लागेल. दहावी न झालेल्या मुलासाठी वेगळा मार्ग हवा.

स्त्रियांच्या बाबतीत शिवणकाम आणि पापड-लोणची यांपलीकडे जाण्याची गरज आहे. आगरी-कोळी घरातील तांदळाची भाकरी, सुक्या मासळीची साठवण, मसाला कुटण्याचे प्रमाण या गोष्टींना खारघरच्या उंच इमारतींतून गिऱ्हाईक आहे. उणीव आहे ती अन्नसुरक्षेचा परवाना, वेष्टन आणि हिशेबाची. ते शिकविणारा वर्ग दुपारी दोन ते चार या वेळेत असावा. सकाळी बाजार असतो आणि संध्याकाळी घर.

पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने क्षारास दाद न देणाऱ्या भाताच्या जाती तयार केल्या, त्यांना ‘पनवेल’ हेच नाव आहे. कोकणातील इतर खाड्यांच्या काठी खारभूमी अद्याप शेतीखाली आहे. तेथील तरुणांना बांध व उघाडीचे काम शिकविण्यास खारघर, कोपरा येथील वृद्ध शेतकऱ्यांना मानधन देऊन बोलावता येईल. ते काम प्रत्यक्ष केलेली पिढी आता वयोवृद्ध झाली आहे.