मागे राहिलेल्यांची पानं

तेराव्या शतकात भंडाऱ्यातून एक माणूस घर सोडून निघाला. नाव नीळभट्ट. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी फिरत फिरत या गावी आले, त्यांची गाठ पडली आणि नीळभट्ट त्यांच्या मागे चालू लागले. महानुभाव परंपरा त्यांना ‘भांडारेकार’ म्हणूनच ओळखते; गाव सुटलं, पण गावाचं नाव कायमचं चिकटून राहिलं. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात त्यांच्या आठवणी आहेत. तो ग्रंथच स्वामींच्या आठवणींचा, त्यामुळे कथा स्वामींबरोबर वाट चालते, भंडाऱ्यातल्या घरात ती थांबत नाही.

त्या काळच्या वैनगंगेकाठच्या माणसाला स्वामींचं गोदातीर म्हणजे परदेशच. पुढे आगबोटी आल्या, परदेश खरोखरचा समुद्रापलीकडे गेला आणि मराठी माणसं कोलंबो, न्यूयॉर्क, लंडन, मेक्सिको अशी पांगली. त्यांच्यापैकी काहींनी मागे वळून लिहिलंही. गंमत अशी, की या लिखाणात प्रवासाचा खर्च, थंडी, जेवणाचे हाल, गुरूंचे स्वभाव सगळं सापडतं. अगदी तरुण वयात जिला सोडून निघालो तिच्याबद्दल मात्र दोन-चार ओळींवर भागवलेलं असतं. तेव्हाचा मराठी नवरा बायकोविषयी चारचौघांत बोलत नसे, छापील पानावर तर नाहीच.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे धर्मानंद कोसंबी.

गोव्यातल्या साखवाळ गावात 1876 साली त्यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षाच्या आसपास लग्न झालं. पत्नीचं नाव बाळाबाई. घरी नारळाच्या बागा होत्या, प्रकृती तोळामासा होती, धड शिक्षण नव्हतं आणि मन कशात लागत नव्हतं. अशातच ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचनात आलं आणि या तरुणाने बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचाच असं ठरवून टाकलं. ज्याच्या पायी पुढे हार्वर्डपर्यंत जाणं झालं, त्याची सुरुवात एका बालमासिकापासून झाली, हे मराठी संपादकांनी अभिमानाने सांगावं असं आहे.

1899 साली त्यांना मुलगी झाली, माणिक. त्याच वर्षाच्या अखेरीस तान्ही मुलगी आणि बायको मागे ठेवून धर्मानंद निघाले. आधी पुणे, तिथे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट; मग काशी, तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृतचा अभ्यास; मग नेपाळ. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत सापडेल ही आशा फोल ठरली. तिथून बोधगया, आणि 1902 मध्ये सिलोन. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकताना त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. त्यानंतर ब्रह्मदेश. खिशात पैसे जवळपास कधीच नसत.

हे सारं त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात सांगितलं आहे. 1924 साली ते पुस्तकरूपाने आलं. मराठीतली ही आगळी चीज आहे: भाषा साधी, स्वतःची बढाई नाही, रडगाणंही नाही. घर सोडल्याची गोष्ट ते लपवत नाहीत आणि सजवतही नाहीत. तरीही वाचताना खटकतं. काशीच्या अन्नछत्रातलं जेवण कसं होतं ते आपल्याला कळतं. साखवाळच्या घरात त्या काळात चूल कशी पेटत होती, हे कळत नाही. शेजारपाजारचे बाळाबाईंना काय विचारत असतील? नवरा जिवंत आहे, पण कुठे आहे ते सांगता येत नाही, अशा बाईने सणासुदीला कोणत्या तोंडाने मिरवायचं? ‘निवेदन’ या बाजूला फारसं वळत नाही. हा कोसंबींचा एकट्याचा दोष मानण्यात अर्थ नाही, पण दुर्लक्ष ते दुर्लक्षच.

सुमारे सात वर्षांनी, 1906 साली, कलकत्त्यात पालीच्या अध्यापनाचं काम मिळाल्यावर ते गोव्याला गेले आणि मोडलेला संसार पुन्हा सांधला गेला. पुढच्या वर्षी, 31 जुलै 1907 रोजी मुलगा झाला: दामोदर, म्हणजे पुढचे गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी. सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये देऊ केले, अट एवढीच की महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहावेत. संसार आता स्थिरावेल असं वाटलं असेल, तोच 1910 मध्ये हार्वर्डचं बोलावणं आलं. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम वॉरन या अमेरिकी पंडिताच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिलं होतं, ते पुरं करायचं होतं. कोसंबी एकटेच गेले. परतल्यावर फर्ग्युसन कॉलेजात सहा वर्षं पाली शिकवलं आणि 1918 मध्ये पुन्हा अमेरिका गाठली. या खेपेला माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर बरोबर होते. बापाने जिला तान्ही असताना सोडलं, ती आता त्याच्या सोबतीने बोस्टनच्या वाटेवर होती. बाळाबाई मागेच राहिल्या.

धर्मानंदांचा शेवट विदर्भातच झाला. शरीर आता कोणाच्या उपयोगाचं उरलं नाही असं ठरवून त्यांनी अन्न सोडलं आणि जून 1947 मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात ते गेले. विसुद्धिमग्गाची हार्वर्डची आवृत्ती त्यानंतर, 1950 साली निघाली.

भंडाऱ्याला अधिक जवळचं नाव मात्र दुसरं आहे. 1954 साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. मतदारसंघ दुहेरी होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि हरले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये त्या पराभवाची सल आजही बोलण्यातून निघते.

बाबासाहेबही तरुणपणी घर सोडून गेलेले. जुलै 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले तेव्हा वडील रामजी जाऊन पाच-सहा महिने झाले होते आणि थोरला मुलगा यशवंत वर्षाचाही नव्हता. दापोलीजवळच्या वणंदच्या रमाबाई मुंबईत परळच्या चाळीत. बडोद्याच्या शिष्यवृत्तीतून न्यूयॉर्कमधला खर्च भागवून घरी पाठवायला उरणार किती? पत्र पाठवून उत्तर यायला दीड-दोन महिने लागत. त्यात महायुद्ध सुरू झालं. 1917 मध्ये ते परतले, 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये डॉक्टरेट व बॅरिस्टरी घेऊन आले. दरम्यान आणि त्यानंतरही या जोडप्याची मुलं एकामागून एक गेली. जगला तो एकटा यशवंत. 27 मे 1935 रोजी रमाबाईही गेल्या. पाच वर्षांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ प्रसिद्ध झालं तेव्हा अर्पणपत्रिकेत त्यांनी ‘रामू’चं नाव घातलं. फाळणीच्या राजकारणावरचा कोरडा, आकडेवारीने भरलेला ग्रंथ आणि पहिल्याच पानावर बायकोचं लाडाचं नाव. कोसंबींनी आत्मचरित्रात जे लिहिलं नाही, ते इथे अर्पणपत्रिकेत आलं.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींना परदेशी शिकायला पाठवणारी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आता राज्य सरकार देतं. दरवर्षी 75 जागा असतात. भंडाऱ्यातून निघायचं तर वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर गाडी पकडायची किंवा साठेक किलोमीटरवरचं नागपूर गाठायचं. फोनवर रोज तोंड दिसतं, भारतात रात्र झाली की तिकडे दुपार असते एवढं गणित गेलेल्याला आणि मागे राहिलेल्याला, दोघांनाही पाठ होतं. बाळाबाईंना सात वर्षं जे कळलं नाही, ते आता हिरव्या ठिपक्यावरून कळतं. कधी कधी नको इतकं.

सोडून जाण्याचा प्रवास उलट्या बाजूनेही होतो. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात क्रांतिकार्यासाठी देशाबाहेर पडले, गदर पक्षाच्या उभारणीत होते आणि 1924 नंतर मेक्सिकोत शेतीचे शिक्षक झाले. इंग्रज सरकारच्या लेखी ते शत्रू, म्हणून मायदेशाचं दार बंद. 1936 मध्ये त्यांनी जान या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. स्वातंत्र्यानंतर ते परतून नागपुरात स्थिरावले आणि 1967 साली तिथेच वारले. आता घर सोडण्याची पाळी जान यांची होती. बेल्जियम आणि मेक्सिकोनंतर नागपूरचा उन्हाळा म्हणजे थोडी गोष्ट नव्हे. त्यांची कन्या सावित्री साहनी यांनी वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं, मराठीत ते काम वीणा गवाणकरांनी केलं.

आणि 1883 मध्ये तर बायको निघाली, नवरा मागे राहिला. आनंदीबाई जोशी 7 एप्रिलला कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. पोस्टात नोकरी करणारे त्यांचे पती गोपाळराव बंगालमधल्या श्रीरामपूरला थांबले. रजा आणि पैसा दोन्ही नव्हते. तिला शिकवण्याचा हट्ट त्यांचाच होता, पण ती दूर जाताच पत्रांत त्यांच्या तक्रारी आणि टोमणे वाढले. तिने उत्तरं दिली, कधी समजावून, कधी ठामपणे. मागे राहिलेला माणूस कसा कुढतो, याचा मराठीतला उत्तम पुरावा असा एका पुरुषाच्या पत्रांमुळे मिळाला. 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. वर्षभरात पुण्यात क्षयाने गेल्या. काशीबाई कानिटकरांनी याच पत्रांच्या आधारे त्यांचं चरित्र लिहिलं.

या पत्रांकडे पुन्हा वळल्या त्या समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी. डी. डीं.ची मुलगी, म्हणजे धर्मानंद आणि बाळाबाईंची नात. एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यास केंद्राच्या त्या संचालक होत्या. आजोबांचं ‘निवेदन’ त्यांनी इंग्रजीत नेलं. पण आयुष्याचा मोठा भाग त्यांनी पंडिता रमाबाई, काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई यांच्या लेखनावर घालवला. मीराताई 2015 मध्ये गेल्या. आनंदीबाईंच्या आयुष्यावरचं आणि पत्रांवरचं त्यांचं पुस्तक त्यांच्या मागे, इतरांनी संपादित करून छापलं.