विश्लेषण : बारामतीत कोलंबो कसे ऐकू यायचे?

बुधवारची रात्र, आठची वेळ. ‘बहनो और भाइयो’ अशी अमीन सयानी यांची साद आली की रेडिओभोवती माणसे गोळा व्हायची. बारामती-इंदापूरकडच्या जुन्या श्रोत्यांना ‘बिनाका गीतमाला’ आजही आठवेल. पण हा कार्यक्रम पुण्या-मुंबईहून नव्हे, तर ‘रेडिओ सिलोन’वरून म्हणजे कोलंबोहून लागायचा. असे का?

आकाशवाणीवर गाणी का नव्हती?

१९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय माहिती व प्रसारणमंत्री झाले. पुण्यात जन्मलेल्या केसकरांचा ओढा शास्त्रीय संगीताकडे होता. आकाशवाणीवर चित्रपटगीतांचा वेळ घटला, गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे बंद झाले. निर्मात्यांशी बिनसले आणि ही गाणी जवळपास गायबच झाली. ती पोकळी सिलोनने भरली. ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘गीतमाला’ सुरू झाली. पुणे आकाशवाणी केंद्र तेव्हा नव्हतेच; ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले.

एवढ्या लांबून आवाज कसा यायचा?

कोलंबो ते बारामती सरळ अंतर १,३०० किलोमीटरहून अधिक आहे. शॉर्टवेव्हच्या लहरी वर जातात, वातावरणातील आयनांबर नावाच्या थरावरून वळून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. हा थर सतत बदलतो, म्हणून आवाज मध्येच बारीक व्हायचा, खरखर यायची. शिवाय सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेले १०० किलोवॉटचे प्रक्षेपक होते.

खर्च कोण करायचे?

आकाशवाणी तेव्हा जाहिराती घेत नसे, सिलोन घ्यायचे. ‘सिबा’ कंपनीने बिनाका टूथपेस्टसाठी हा कार्यक्रम प्रायोजित केला. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचे आणि फिती विमानाने कोलंबोला जायच्या. म्हणजे मुंबईचा आवाज समुद्रापलीकडे जाऊन बारामतीत परतायचा!

श्रोत्यांचा सहभाग किती?

सुरुवातीला सात गाणी वाजवून श्रोत्यांना पत्राने त्यांचा क्रम लावायला सांगितले जाई. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आल्याचे सयानी सांगत. पुढे पत्रे आवरेनात, तेव्हा रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांच्या पसंतीवरून क्रमवारी ठरू लागली. १९५३च्या वार्षिक यादीत अव्वल ठरले ‘अनारकली’तील लता मंगेशकर यांचे गाणे. संगीतकार होते पुणतांब्याचे सी. रामचंद्र. एका मराठी मंत्र्याच्या काळात देशी रेडिओवरून हटलेले संगीत, त्यातच एका मराठी संगीतकाराने पहिला क्रमांक पटकावला.

सरकारने काय केले?

श्रोते परदेशी केंद्राकडे वळल्याचे लक्षात आल्यावर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. तिच्यावर जाहिराती यायला १९६७ उजाडले. ‘गीतमाला’ही अखेर १९८९मध्ये विविध भारतीवर आली. सयानी यांचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी निधन झाले.

आज काय स्थिती?

बारामतीत आता सामुदायिक रेडिओ आहे. शेती, हवामान, स्थानिक प्रश्न यांना त्यावर जागा मिळते. मात्र अशा केंद्रांना साधारण १०० वॉटचीच मर्यादा असते आणि आवाका १०-१५ किलोमीटरचा. बारामतीचे केंद्र सुमारे ५० किलोमीटरवरच्या इंदापुरात रेडिओवर लागणे अवघड. कोलंबो मात्र दोन्हीकडे लागायचे. काय ऐकायचे हे मंत्रालयाने ठरवले, तरी सुई फिरवणारा हात श्रोत्याचाच होता.