आईवडिलांना आपलें गांव दाखवितांना

घाटावरचे आईवडील मुलाकडे डोंबिवलीस किंवा कल्याणास उतरले, म्हणजे दुसऱ्याच दिवशीं त्यांना मुंबई दाखविण्याचा बेत ठरतो. गेटवे, राणीची बाग, महालक्ष्मी, चौपाटी हीं सर्व स्थळें एका दिवसांत उरकून मंडळी रात्रीं परत येतात, तेव्हां वडिलांचे गुडघे धरलेले असतात आणि आईच्या ध्यानांत राहिलेली असते ती केवळ गर्दी. ज्या गांवीं मुलानें बिऱ्हाड थाटलें, नातवंडांना शाळेंत घातलें, तें गांव मात्र पाहावयाचें राहून जातें. 'येथें पाहण्यासारखें काय आहे?' असें मुलगाच म्हणतो. हें त्याचें अज्ञान होय.

कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या देणग्या कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत नोंदलेल्या आहेत. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं हें बंदर घेतलें. दुर्गाडीवर उभें राहिलें कीं खालीं ती खाडी अजून दिसते. १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांचें माहेरही कल्याणचेंच. येथून अंबरनाथचें शिवालय लोकलनें अगदीं जवळ. त्यावर शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा लेख आहे. गाभाऱ्यांत पायऱ्या उतरून जावें लागतें. गुडघे कुरकुरत असतील तर वडिलांनीं मंडपांतच टेकावें. बाहेरच्या भिंतींवरील शिल्पें पाहावयासच तास पुरत नाहीं.

ठाण्यास जातांना लोकलमध्यें उजव्या खिडकीशीं बसवावें. मुंब्र्याजवळ त्या अंगास खाडी दिसते. मुंबईहून निघालेली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यासच येऊन थांबली होती. मासुंदा तलाव आणि कौपिनेश्वर एका फेरींत होतात. किल्ल्याचा आतां तुरुंग झाला आहे. वडील वाचणारे असतील तर १८९३ सालीं स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचें दार त्यांना अवश्य दाखवावें.

समुद्राकरितां वसईच गांठावी. दिव्याहून वसईस थेट गाडी जाते. मात्र गाड्या थोड्या, म्हणून वेळ आधीं विचारून ठेवावी. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किल्ला शाळेच्या पुस्तकांतून वडिलांना पाठ असतो. तेथें मुलानें बोलूं नये. वडिलांनाच सांगूं द्यावें. सावली कमी आहे, तेव्हां सकाळींच जावें व पाणी बरोबर न्यावें. हिवाळ्यांत किंवा उन्हाळ्याच्या आरंभीं मंडळी आलीं असतील, तर ऐरोलीजवळ ठाण्याच्या खाडींत रोहित पक्ष्यांचे थवेही पाहावयास मिळतात. २०१५ पासून तें अभयारण्य आहे. होड्या भरतीच्या वेळेवर सुटतात.

परंतु आईवडील येतात ते स्थळें पाहण्याकरितां थोडेच! मुलगा किती वाजतां निघतो, कोठें उभा राहतो, गाडींत बसावयास जागा मिळते कीं नाहीं, हें त्यांना पाहावयाचें असतें. आणि नेमकें हेंच तो लपवितो. रजा काढून त्यांना दुपारच्या रिकाम्या गाडीनें फिरवितो. त्यापेक्षां एके दिवशीं सकाळीं आठाच्या सुमारास वडिलांना फलाटावर, पुलाच्या जिन्यापासून दूर, एका बांकावर बसवावें व आपली नेहमींची गाडी आपण नेहमींप्रमाणें धरावी. ते घरीं परतल्यावर कदाचित् कांहींच बोलणार नाहींत. पण 'पत्र लिहावयास तुला वेळ कां होत नाहीं?' हा प्रश्न पुन्हां निघत नाहीं.

दुसरीही एक गोष्ट त्यांच्या मनांत असते, ती दोघेंही उच्चारीत नाहींत. हातपाय थकल्यावर येथें आपला निभाव लागेल काय? या प्रश्नास गेटवे उत्तर देत नाहीं. डोंबिवलीचें १९२४ सालीं स्थापन झालेलें गणेशमंदिर, तेथील सायंकाळची बैठक, जवळचा डॉक्टर, गांवाकडची बोली बोलणारी शेजारीण, हीं उत्तर देतात. म्हणून पहिले दोन दिवस सुनेनें आईंना भाजीबाजारास बरोबर न्यावें आणि तिसऱ्या दिवशीं कांहींतरी निमित्त काढून मागें राहावें. आई एकट्या जाऊन, वाट न चुकतां, मेथीच्या दोन जुड्या घेऊन आल्या व 'येथें मेथी फार महाग' अशी तक्रार करूं लागल्या, तर मुंबईचा बेत खुशाल पुढच्या खेपेवर ढकलावा.