विटांच्या घराचे सौंदर्य

इंग्लंडच्या गादीवर १७१४ पासून १८३० पर्यंत ओळीने चार जॉर्ज राजे बसले. त्यांच्या काळातील बांधणीस ‘जॉर्जियन’ म्हणतात. लंडनच्या ब्रूक स्ट्रीटवरील २५ क्रमांकाचे विटांचे घर हा तिचा एक चांगला नमुना होय. संगीतकार हँडेल १७२३ साली येथे राहावयास आला व १७५९ साली येथेच वारला. २००१ साली तेथे संग्रहालय सुरू झाले. घर पाहावे तर सरळ उभी भिंत आणि वरच्या मजल्यांवर तीन तीन खिडक्या, एवढाच थाट! तरीही अशी घरे डोळ्यांना सुखवितात. याचे श्रेय केवळ अभिरुचीला देता येणार नाही. त्यात आगीच्या भयाचा वाटा मोठा आहे.

१६६६ च्या सप्टेंबरात लंडनला आग लागून तेरा हजारांवर घरे जळाली. त्यांतील बहुतेक लाकडी होती. पुढच्याच वर्षी कायदा झाला, की बाहेरच्या भिंती विटांच्या वा दगडाच्याच असाव्यात. भिंतीची जाडीही त्याने ठरवून दिली. १७०७ च्या कायद्याने वळचणीचे लाकडी नक्षीकाम बंद केले. तेव्हा भिंतच उंच नेऊन तिचा कठडा करू लागले व छप्पर त्यामागे दडले. १७०९ मध्ये खिडकीची चौकट भिंतीच्या दर्शनी बाजूपासून चार इंच आत बसविण्याचा नियम आला. हेतू हा, की शेजारची ज्वाळा लाकडाला भिडू नये. परंतु त्या चार इंचांनी प्रत्येक खिडकीभोवती सावलीची रेघ उमटली, आणि सपाट भिंत जिवंत झाली.

उरलेले काम गवंड्याने केले. एका विटेची लांब बाजू दर्शनी, तर दुसरीचे डोके दर्शनी, अशी आळीपाळीने रचना केली म्हणजे भिंत सांधली जाते आणि वीणही दिसते. खिडकीवरच्या कमानीसाठी मऊ विटा घासून इतक्या नेमक्या करीत, की दरज केसासारखी बारीक राही. खिडक्यांच्या उंचीतही हिशेब असे. पहिला मजला मानाचा, म्हणून तेथील खिडक्या बहुधा सर्वांत उंच. वर जावे तसतशा त्या आखूड होत. हँडेलच्या तालमी पहिल्या मजल्यावर होत, निजावयाची खोली दुसऱ्यावर, नोकर माळ्यावर आणि स्वयंपाक तळघरात. घरातली प्रतिष्ठेची उतरंड अशी रस्त्यावरूनच वाचता येई.

या चित्राला एक काळी बाजूही आहे. १६९६ पासून १८५१ पर्यंत इंग्लंडात खिडक्या मोजून कर घेत. विटांनी बुजविलेली प्रत्येक खिडकी करापायीच बुजविली असे नव्हे. काही केवळ सममितीसाठी मुळातच आंधळ्या ठेवीत. पण अनेक बिऱ्हाडांच्या घरात कर चुकविण्यासाठी मालक खिडकी बुजवी, आणि उजेड व वारा जाई तो गरीब भाडेकरूचा. शेजाऱ्याचे घर वाचावे म्हणून केलेल्या नियमांनी लंडनला सौंदर्य दिले. तिजोरी भरावी म्हणून केलेल्या नियमाने त्याच घरांत काळोख केला. शहरासाठी नियम करणाऱ्यांनी ही दोन्ही उदाहरणे जवळजवळ ठेवून पाहावीत.