जंगल येऊरच्या गेटवर संपत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे पहाटे एक व्हिडीओ येऊन पडतो. अंधुक सीसीटीव्ही, कंपाउंडची भिंत आणि तिच्यावरून सरकन जाणारी एक लांब शेपटी. तो व्हिडीओ कधीचा, कुठला, हे कुणी विचारत नाही. पाच मिनिटांत मेसेजचा पाऊस. 'मुलांना खाली सोडू नका', 'वनखातं झोपलंय का?' आणि मग हमखास येणारा मेसेज: 'पिंजरा लावा!' ठाणे, कल्याण, बदलापूर या पट्ट्यात राहत असाल, तर हे सगळं तुमच्या ओळखीचं असेल.

यातले बरेच व्हिडीओ भलत्याच गावचे निघतात, पण सगळे नाही. २० फेब्रुवारी २०१९ ला पहाटे ठाण्याच्या कोरम मॉलच्या कॅमेऱ्यात खराखुरा बिबट्या दिसला होता. पुढे तो जवळच्याच एका हॉटेलच्या तळघरात सापडला आणि त्याला भूल देऊन बाहेर काढलं गेलं. २४ नोव्हेंबर २०२२ ला कल्याण पूर्वेच्या चिंचपाड्यात बिबट्या एका इमारतीत शिरला. काही माणसं जखमी झाली, आणि त्याला पकडेपर्यंत सगळा परिसर श्वास रोखून बसला होता.

अशा वेळी बातमीचा मथळा ठरलेला असतो: 'बिबट्या शहरात घुसला'. इथे जरा थांबा आणि मोबाईलवर आपल्या जिल्ह्याचा नकाशा उघडा. सॅटेलाइटवाला. कारण 'घुसला' हा शब्द बरोबर आहे की नाही, ते त्या नकाशावरच कळतं.

नकाशावर काय दिसतं?

मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध एक मोठा हिरवा ठिपका दिसेल. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ साधारण १०४ चौरस किलोमीटर. आपण त्याला सवयीने 'बोरिवलीचं नॅशनल पार्क' म्हणतो, पण त्याचा निम्म्याहून जास्त भाग ठाण्याच्या बाजूला आहे. तुमचं येऊर हे त्याच उद्यानाचं पूर्वेकडचं दार. याच जंगलात २०१८ साली कॅमेरा ट्रॅप लावून मोजणी झाली, तेव्हा ४७ बिबटे नोंदले गेले. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात. त्यामुळे फोटो जुळवून कोण कोण आहे, ते मोजता येतं.

आता बोट जरा वर सरकवा. उद्यानाच्या उत्तरेला घोडबंदर रस्ता आहे आणि त्याच्या पलीकडे, खाडीच्या काठाला, जंगलाचा एक तुकडा आहे, नागला ब्लॉक. तोही उद्यानाचाच भाग, फक्त रस्त्याने कापलेला. मग खाडी. खाडीपलीकडे दिवा-वसई रेल्वेमार्ग, चिंचोटी-भिवंडी रस्ता आणि त्यांच्या वर तुंगारेश्वर अभयारण्य. तिथून पुढे तानसा अभयारण्य, शहापूरचे डोंगर आणि थेट सह्याद्री. म्हणजे हिरवे ठिपके सुटे सुटे आहेत, आणि त्यांच्या मधे आपण आहोत. आपले रस्ते, गोदामं, रूळ, टॉवर.

आपल्याला राष्ट्रीय उद्यानाची हद्द कळते, कारण तिथे गेट असतं, तिकीट असतं, पाटी असते. बिबट्याला ती पाटी वाचता येत नाही. वयात आलेल्या नराला आईचा इलाका सोडून स्वतःचा शोधावा लागतो, आणि त्यासाठी त्याला एका ठिपक्यातून दुसऱ्या ठिपक्यात जावंच लागतं. ही वाट बंद झाली, तर १०४ चौरस किलोमीटरचं जंगल म्हणजे चारही बाजूंनी वेढलेलं बेट. बेटावरचे प्राणी आपसातच वाढतात, आणि पिढ्यानपिढ्या आतल्या आत कमजोर होत जातात.

कसारा ओलांडून गेलेला आजोबा

ही वाट खरंच वापरात आहे, याचा पुरावा एका बिबट्याने स्वतः चालून दिला. २००९ च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक नर बिबट्या विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएसचा पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'.

आजोबा माळशेजला थांबले नाहीत. महिन्याभराच्या आत त्यांनी सुमारे १२० किलोमीटर अंतर कापलं. कसारा स्टेशनजवळ रूळ ओलांडले, तेच रूळ ज्यांच्यावरून तुमची कसारा लोकल धावते. महामार्ग ओलांडला, वसईचा औद्योगिक पट्टा पार केला, खाडी पोहून पलीकडे गेले आणि पोचले कुठे? मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात. या सगळ्या प्रवासात त्यांनी माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. रात्री चालायचं, दिवसा दडून राहायचं, एवढंच. २०१४ साली सुजय डहाके यांनी यावर 'आजोबा' नावाचा मराठी सिनेमा केला, ऊर्मिला मातोंडकर त्यात होत्या. खऱ्या आजोबाचा शेवट मात्र २०११ च्या डिसेंबरमध्ये झाला. रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं.

आजोबा हा अपवाद होता, असं म्हणाल तर २०२१ मध्ये वनविभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटी-इंडिया यांनी मिळून राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या पाच बिबट्यांना रेडिओ कॉलर लावायला सुरुवात केली. त्यातला 'महाराजा' नावाचा नर तुंगारेश्वर आणि उद्यान यांच्या दरम्यान फिरताना दिवा-वसई मार्ग, चिंचोटी-भिवंडी रस्ता आणि उल्हास नदी ओलांडताना नोंदला गेला. मघाशी आपण नकाशावर जी रेघ काढली, अगदी तीच.

पिंजरा लावला तर काय बिघडलं?

'ठीक आहे, पण आमच्या दारात नको. धरा आणि लांब नेऊन सोडा.' ही मागणी स्वाभाविक आहे. ज्यांच्या घरातलं लहान मूल संध्याकाळी खाली खेळतं, त्यांना संचारमार्गावर व्याख्यान देऊन उपयोग नाही. पण धरून लांब सोडण्याचा प्रयोग महाराष्ट्रात करून झालाय, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे आहे.

२००१ नंतर जुन्नर भागात उसाच्या शेतांतून मोठ्या संख्येने बिबटे पकडून दूर सोडले गेले. या काळाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे हलवायला लागल्यावर ते १७ वर गेले. का? एका बिबट्याला उचललं की त्याची जागा रिकामी राहत नाही. आजूबाजूचे नवखे नर तिथे येतात, आपसात भांडतात. आणि ज्याला नेऊन सोडलं, तो अनोळखी मुलखात भेदरलेला असतो, घराकडे परतायचा प्रयत्न करतो. आपल्याकडे २००४ च्या आसपास राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला लागोपाठ हल्ले झाले, माणसं गेली. त्या काळात बाहेरून आणलेले बिबटेही या जंगलात सोडले जात होते. पुढे ते थांबलं. २०११ पासून वनविभाग, संशोधक आणि स्वयंसेवक 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या उपक्रमात एकत्र आले, वस्त्यांमध्ये जाऊन बोलू लागले, बचाव पथकं तयार झाली.

जो बिबट्या आपल्या भागात वर्षानुवर्षं गुपचूप फिरतोय आणि कुणाला दिसतही नाही, तो ओळखीचा शेजारी आहे. त्याला हलवून आपण अनोळखी शेजारी मागवतो.

येऊरच्या पाड्यांवरच्या आदिवासी कुटुंबांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. ठाणे आणि पालघरच्या वारली पाड्यांवर वाघोबाची पूजा होते, दगडावर किंवा लाकडावर कोरलेला देव, शेंदूर लावलेला. दिवाळीच्या तोंडावर, शहरात आपण वसुबारस करतो त्याच दिवशी, डोंगरात वाघबारस असते. मागणं साधं असतं. तू तुझ्या वाटेने जा, आमची गुरं-माणसं सांभाळ. भीती आहेच, पण त्या भीतीत शेजाऱ्याची जागा काढून घेण्याची भाषा नाही.

वाट अडवतं कोण?

बिबट्याच्या वाटेत आपण तीन गोष्टी टाकतो. पहिली, कचरा. जंगलाच्या कडेला उकिरडा साठला की भटकी कुत्री वाढतात, आणि कुत्रा हे बिबट्याचं सोपं खाणं. उद्यानातल्या बिबट्यांच्या आहाराच्या अभ्यासात हरणं, डुकरं यांच्या बरोबरीने कुत्र्यांचा मोठा वाटा दिसला आहे. म्हणजे टॉवरमागे टाकलेली पिशवी हे एक प्रकारचं आमंत्रणच.

दुसरी, आवाज आणि उजेड. येऊरला रात्रीच्या पार्ट्या आणि टर्फचे दिवे यांवरून ठाणेकरांचा वाद जुना आहे. रात्री चालणाऱ्या प्राण्याची रात्रच आपण काढून घेतो.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, रस्ते. घोडबंदर रस्ता रात्री दोनला तरी रिकामा असतो का? मुंबई-नाशिक महामार्ग, समृद्धी, मुंबई-वडोदरा, सगळे आपल्याच जिल्ह्यातून जातात. रस्ता नको, असं कुणी म्हणत नाही. रोज दोन तास अडकणाऱ्या माणसाला तर ते म्हणताच येणार नाही. पण रस्ता बांधतानाच प्राण्यांसाठी जागा सोडता येते, आणि हे स्वप्नरंजन नाही. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर गाड्या वरून आणि प्राणी खालून जातील असे पूल बांधले गेले. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघांसकट कितीतरी प्राणी त्या पुलांखालून बिनधास्त जाताना टिपले गेलेत. समृद्धीवरही काही ठिकाणी वन्यप्राण्यांसाठी अशी बांधकामं केली आहेत. वाट आधी माहीत असेल, तर ती नकाशात धरता येते. ती माहीत करून घेण्यासाठीच आजोबाच्या गळ्यात पट्टा होता.

फक्त बिबट्याच नाही

ठाणे खाडीत हीच गोष्ट पिसं लावून घडते. खाडीचा सुमारे १६९० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. छान. पण भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि रोहित पक्ष्यांना टेकायला जागा लागते. ती जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे, नेरुळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळीत. तिथलं भरतीचं पाणी अडलं, तेव्हा २०२४ मध्ये पक्ष्यांवर संकट आलं. नागरिक, त्यात तुमच्या वयाची बरीच मुलं-मुली, मागे लागले. अखेर एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. हद्दीबाहेरचं महत्त्व कागदावर आलं, ते लोकांनी लावून धरलं म्हणून.

डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकाठची खारफुटी, मलंगगडाचे उतार, बारवी धरणाभोवतीचं रान, यांच्यापैकी कशालाही राष्ट्रीय उद्यानाची पाटी नाही. पण बारवीचं पाणी आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांना आणि घरांना येतं. आणि खारफुटी तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात राज्यभर मनाई केली आहे, मग ती जमीन कुणाच्याही मालकीची असो.

मग तुम्ही काय करायचं?

बिबट्या दिसला तर पाठलाग करू नका, फ्लॅश मारू नका, घेरू नका. त्याला निघायला वाट द्या. बहुतेक वेळा तो आपणहून जातो. अडकून पडला असेल, तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा आणि गर्दी पांगवायला मदत करा. अशा प्रसंगी सगळ्यात धोकादायक असते ती मोबाईल वर धरून उभी असलेली गर्दी. ग्रुपवर व्हिडीओ आला, तर पुढे ढकलण्याआधी 'कुठला? कधीचा?' एवढं विचारा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पिंजऱ्याची मागणी करण्याआधी कचऱ्याचा विषय काढा.

आणि जरा मोठं काम: विकास आराखडा, नवा रस्ता, नवा प्रकल्प जाहीर झाला की हरकती-सूचना मागवतात. त्या कुणीतरी काकाच लिहितात, असं समजू नका. एका पानावर, साध्या मराठीत, 'या रस्त्याखालून प्राण्यांना जायला वाट कुठे ठेवली आहे?' हा एकच प्रश्न विचारलात तरी त्याची नोंद होते.

त्याआधी ही वाट स्वतः बघून या. दिव्याहून किंवा कोपरहून दिवा-वसई गाडी पकडा. फेऱ्या कमी आहेत, वेळापत्रक बघून निघा. खारबाव गेलं की दारात न लटकता खिडकीशी बसा. कामण रोडच्या आसपास उजव्या हाताला तुंगारेश्वरचे डोंगर दिसतील आणि डाव्या हाताला, खाडीपलीकडे, नागल्याचं जंगल. तुमची गाडी त्या दोघांच्या बरोबर मधून चाललेली असेल.