गयाबाई, प्रयागबाई आणि पाळण्यातलं नाव



हल्ली बारशाला गेलं की लेकीचं नाव दोनदा विचारावं लागतं. पहिल्यांदा ऐकू येत नाही, दुसऱ्यांदा कळत नाही. अर्थ विचारला तर बाप खिशातून मोबाईल काढतो! नवं नाव ठेवू नका असं माझं म्हणणं नाही. पण जुनी नावं ‘गावंढळ’ म्हणून टाकून देण्याआधी त्यांत काय आहे ते एकदा बघा.

आपल्या इस्लापूर भागातल्या म्हाताऱ्या बायांची नावं आठवा. गयाबाई, प्रयागबाई, काशीबाई, द्वारकाबाई, मथुराबाई. ही तीर्थं आहेत, माउली. काशी, प्रयाग आणि गया मिळून त्रिस्थळी यात्रा होते. आगगाडी नव्हती तेव्हा काशीला निघालेला माणूस परत येईल की नाही याचा भरवसा नसायचा. म्हणून तर परत आल्यावर मावंदं घालायचे, गावजेवण द्यायचे. ज्याला जाणं जमलं नाही त्यानं काय करावं? लेकीचं नाव काशी ठेवावं. एका वाड्यात तीन जावा गयाबाई, प्रयागबाई, काशीबाई अशा नांदल्या, की सासूच्या हाकेत दिवसभर त्रिस्थळी घडते. मग ती हाक रागाची का असेना!

आणि हे काही अडाण्याचं काम नाही. तुकोबारायांच्या लेकींची नावं काय? काशी, भागीरथी आणि गंगा. नाथमहाराजांच्या घरी पैठणला गोदा आणि गंगा. मराठवाड्यात तर आपण गोदावरीलाच गंगा म्हणतो, गंगाखेडचं नावच बघा ना. म्हणून इकडची गंगाबाई बहुतेक गोदाकाठचीच. पलीकडं तेलंगणात गेलात तर तीच गंगव्वा होते. माहूर जवळ, म्हणून आपल्याकडं रेणुका आणि अनसूया घरोघर. एकीचं ठाणं गडावर, दुसरीचं तिथल्याच डोंगरावर.

दुसरी नावं संतांची. त्या गंगाखेडचीच जनाबाई. बापाचं नाव दमा, आईचं करुंड. नामदेवरायांच्या घरी दळण-कांडण करणारी पोर, पण ‘जना’ म्हटलं की विठ्ठलाला जात्यावर बसावं लागलं. नामदेवांचं नर्सी आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. त्यांच्या घरातली नावं ऐका: आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, लेक लिंबाई. किती साधी! मुक्ताईचं तर बोलायलाच नको. चौदाशे वर्षांच्या चांगदेवाची ती गुरू झाली, आणि जळगाव जिल्ह्यातल्या एदलाबादचं नाव आज मुक्ताईनगर आहे. एका मुलीचं नाव अख्ख्या गावानं घेतलं.

हाकेचं महत्त्व भागवतात अजामिळाच्या कथेत आहे. त्यानं मरताना हाक मारली लेकाला, पण लेकाचं नाव नारायण. तेवढ्यावर विष्णुदूत धावत आले. जुन्या माणसांनी हा हिशेब पक्का धरला होता. देव आठवायला वेळ नाही ना, मग लेकरातच ठेवा. रुक्मिणी, तुळसा, पार्वती अशी हाक दिवसातून पन्नास वेळा जाते.

आता ‘धुरपता’ म्हटलं की पोरं हसतात. अरे, ती द्रौपदी आहे! जोडाक्षर जिभेला जड, म्हणून ‘द्रौ’चं ‘धुर’ झालं. तशीच कौसल्येची कौसाबाई, रुक्मिणीची रखमा. ज्या नावासाठी देव वस्त्रं घेऊन धावला, त्याला हसायचं? (रेशनकार्डावर धुरपता आणि सातबाऱ्यावर द्रौपदी झाली की तलाठ्याकडं खेटे पडतात, ती गोष्ट वेगळी.)

पण जुनं ते सगळंच सोनं नव्हे, हेही बोललं पाहिजे. धोंडाबाई, दगडाबाई, केराबाई ही नावं का? लेकरं जगत नसत, म्हणून नजर लागू नये अशी हलकी नावं ठेवायचे. धोंडू, केरबा हे पोरांनाही होतं. त्यात मायेची भीती होती. ‘नकोशी’ची गोष्ट मात्र तशी नाही. मुलगी नको होती, हे तिच्याच नावात लिहून ठेवलं आणि आयुष्यभर तिला त्याच नावानं बोलावलं. नकोसा म्हणून मुलगा कुठं ऐकलाय का? २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. चांगलं झालं. नाम हा मंत्र आहे म्हणता, मग हा कसला मंत्र रोज लेकीच्या कानात?

तसंच लग्नाचं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात, आणि आईबापानं ठेवलेली गोदावरी त्या तांदळात पुसली जाते. संत बहिणाबाई लहानपणीच संसारात पडल्या, पण अभंगात त्यांनी नाव घातलं ते आपलंच, बहिणा.

आता बारशाला राशीचं अक्षर आलं तर घाबरू नका, पाळण्यात ते ठेवा. हाक मारायला मुक्ता, जना, गोदा, रेणुका, अनसूया आहेतच. पुढं ‘बाई’ लावायलाच हवं असं नाही, शाळेत शोभतात. जन्माची नोंद तेवढी २१ दिवसांत करा. नाव ठरलं नसेल तर ते पुढं वर्षभरात फुकट घालता येतं. तोवर आत्याबाईंना कानात काय सांगायचं ते ठरवू द्या, आणि घरातल्या म्हातारीला तिचं माहेरचं नाव विचारा. कित्येक नातवंडांना ते ठाऊकच नसतं.